आत्याबाईंच्या जागेवर पाणी

वाळवंटात जायचं तर पाणी घरूनच न्यायचं, हे मला ज्या दिवशी सुचलं त्या दिवशी मी स्वतःवर इतकी खूश झाले होते की दुपारी दोनदा चहा केला आणि दोन्ही वेळा एकटीनेच प्याले. वय होतं पंचेचाळीस. अक्कल किती होती ते पुढं कळेलच.

ही वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा आम्ही लातुरात होतो. आमचे हे एका डाळमिलवर मुनीम. घरात हे, मी, शाळेत जाणारी दोन मुलं आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. नळ आठव्या-दहाव्या दिवशी यायचा आणि त्या दिवशी आमच्या गल्लीत कुणी मयतालासुद्धा वेळेवर पोचत नसे. न्हाणीत दोन निळे ड्रम, मोरीत हंडे, पलंगाखाली कॅन. आता नांदेडला मुलाकडं राहते, इथं पाण्याची तेवढी ओढ नाही, तरी तांदळाचं धुवण ओतताना माझा हात अजून अडखळतो. सून म्हणते, "आई, ओता हो, नळाला पाणी हाय." तिला काय माहीत!

आत्याबाईंचं निम्मं आयुष्य पाणी भरण्यात गेलं होतं. आधी गावाकडं विहिरीवरून, मग लातुरात आल्यावर नळावरून. आमच्या दोन घरं पलीकडं मारवाडी शेठजींचं घर होतं. त्यांची म्हातारी आई आत्याबाईंच्याच वयाची, जैसलमेरकडच्या एका लहानशा गावातून लग्न होऊन इकडं आलेली. गल्ली तिला शेठाणीबाई म्हणायची. दुपारची जेवणं झाली की दोघी शेठाणीबाईंच्या ओट्यावर बसायच्या. आत्याबाई वाती वळायच्या आणि ती तिच्या मुलखाचं सांगायची. उंट, वाळू, रात्री पडणारी थंडी. या सगळ्यात आत्याबाईंना एकच गोष्ट भावली होती. तिकडं भांडी वाळूनं घासतात. नुसती कोरडी वाळू घ्यायची, घासायची, फडक्यानं पुसायची. पाण्याचा एक थेंब लागत नाही.

"एक थेंब न्हाई?" आत्याबाई दर आठ दिवसांनी नव्यानं विचारायच्या.

"एक नाही. आणि ताट असं लखलखतं की कुंकू लावून घ्यावं त्यात बघून."

घरी येऊन त्या राखेचा हात माझ्यासमोर झटकत म्हणायच्या, "असला मुलूख एकदा बघायचाय माय मला. बाकी काशी न्हाई, काई न्हाई." मी मान डोलवायची आणि मनात म्हणायची, भांडी घासायला बाईनं हजार मैल जायचं म्हणजे नवलच आहे.

माझे धाकटे दीर नांदेडला. त्यांची स्वतःची जीप होती, नांदेड ते मुदखेड सीटा भरून चालायची. एका उन्हाळ्यात ते लातूरला आले आणि जेवता जेवता म्हणाले, "वहिनी, दिवाळीनंतर बारा दिवस गाडी तुमची. डिझेल तेवढं टाका, चालवतो मी. कुठं जायचं ते ठरवा."

ह्यांनी तिरुपती म्हटलं. मुलं गोवा म्हणाली. मी अजून काही म्हणायच्या आतच स्वयंपाकघरातून आवाज आला, "वाळवंट."

सगळे हसले. पोरं तर लोळलीच. पण हे हसले नाहीत. भाताचा घास हातात तसाच धरून आईबद्दल म्हणाले, "अव्वानं आजपत्तुर काई मागितलं न्हाई." झालं, ठरलं. म्हणजे ही सहल मुळात निघाली कुणामुळं, ते नीट लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

नियोजन माझ्याकडं आलं. आलं म्हणजे मी ओढूनच घेतलं. दोनशे पानी वही आणली, पहिल्या पानावर विभूतीचं बोट टेकवलं आणि कलेक्टरीणबाईंचा कारभार सुरू झाला. मुलाचा शाळेचा नकाशा घेतला, त्यावर शिवणाचा दोरा लातूरपासून जैसलमेरपर्यंत ठेवला, आणि दोरा मोजून अंतर काढलं. दोरा अर्थातच सरळ ठेवला होता. रस्ता सरळ नसतो हे मला पुढं इंदूरच्या अलीकडच्या घाटात कळलं. राहायला धर्मशाळा, त्या न मिळाल्या तर देवळं. छोटा सिलेंडर बरोबर. जुन्या साड्यांचे पडदे जीपला. अंगाच्या साबणाची वडी दोऱ्यानंच कापून चार तुकडे. निघायचा दिवस नळाच्या पाळीवर ठरवला, म्हणजे पाणी आल्याच्या दुसऱ्या सकाळी निघायचं, भरलेलं घर सोडून. आमचे दीर म्हणाले, "वहिनी, तुम्ही लष्करात पाहिजे होत्या." मला तो टोमणा वाटलाच नाही. मी तो कौतुकासारखा पदरात घेतला.

आणि मग पाणी. वाळवंट म्हणजे तिथं पाणी नसणार. आणि विकतचं पाणी आम्ही कशाला घ्यावं? मी माणशी तांबे मोजले. प्यायला इतके, तोंड धुवायला इतके, भाताला इतके. आत्याबाईंपाशी आल्यावर पेन्सिल थांबली. आम्ही लिंगायत, त्यांच्या गळ्यात लिंग. रोज आंघोळ, मग लिंगपूजा, आणि पूजा झाल्याशिवाय तोंडात घोटसुद्धा घ्यायच्या नाहीत. म्हणजे रोजची बादली. बारा दिवस, बारा बादल्या. तेवढं पाणी न्यायचं तर दोन्ही निळे ड्रम लागणार, आणि ड्रम ठेवायचे तर जीपच्या मागच्या दोन बाकांतला एक मोकळा पाहिजे. एका बाकावर बिछाने, डबे, सिलेंडर. दुसऱ्या बाकावर कोण बसणार होतं? आत्याबाई.

मी वही ह्यांच्यापुढं ठेवली. "तुम्हीच बघा. आत्याबाईंना न्यायचं तर पाणी जास्त लागतंय. अन् पाणी जास्त नेलं तर आत्याबाईंना जागाच राहत न्हाई."

ह्यांनी चष्मा लावून बेरीज तपासली. बेरीज बरोबर होती. मुनिमाला तेवढं पुरतं.

"पण अव्वा येणार न्हाई तर तिचं पाणी कशाला?" असं त्यांनी विचारलं असतं तर माझा सगळा डाव तिथंच कोसळला असता. त्यांनी विचारलं नाही. वही मिटून एवढंच म्हणाले, "अव्वाला सांगणार कोण?"

"मी सांगते ना. अन् नळ आला तर घरी कुणी नको का?"

आता खरं सांगते. ह्या वयात लपवून काय करू? पाणी हे निमित्त होतं. माझ्या ट्रंकेत तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळलेला, एक पंजाबी ड्रेस होता. मोरपिशी. शिंपिणीकडं चोरून शिवलेला. लग्न होऊन वीस वर्षं झाली तरी आत्याबाईंसमोर माझा डोक्यावरचा पदर ढळला नव्हता. त्यांनी कधी तसा हुकूम दिला होता, असंही नाही. पण मला बारा दिवस वारा खात, केस मोकळे सोडून, त्या ड्रेसात उंटावर बसायचं होतं. पंचेचाळीस वर्षांची घोडी! तिला त्या उंटावरून कुणी खाली ढकलली असती तरी मी आज बाजू घेतली नसती.

सांगते म्हटलं आणि सांगितलं मात्र नाही. त्याचंही कारण होतं, आणि ते ड्रेसहून वाईट होतं. वाटेतलं खाणं म्हणजे कडक भाकरी. आमच्यात ती करतात. ज्वारीची भाकरी कागदासारखी पातळ थापायची, भाजायची, मग मंद आचेवर वाळवायची. महिनाभर राहते, मोडली की पापडासारखा आवाज येतो. मला ती कधीच जमली नाही, माझी मध्येच फुगायची नाहीतर फाटायची. आत्याबाईंना सांगितलं असतं तर भाकरी कुणी केल्या असत्या?

आठ दिवस त्या चुलीपुढं बसून होत्या. शंभरावर भाकरी झाल्या. शेंगदाण्याची चटणी, शेंगापोळ्या, तिळाची चटणी. पत्र्याच्या डब्यांत जुनं धोतर अंथरून एकेक रास लावली. शेठाणीबाई रोज येऊन जवळ बसायची. एकदा मी चहा द्यायला गेले तेव्हा ती आत्याबाईंना सांगत होती, "मला जाऊन तीस वर्षं झाली गं. माहेरी कुणी उरलं नाही. तू बघून ये. अजून तशीच घासतात का ते मला येऊन सांग."

"सांगते की. अन् वाळूबी हातात घेऊन बघते."

मी चहा ठेवला आणि निघून आले. मान खाली होती, पण पाय थांबले नाहीत.

निघायचा दिवस उजाडला. आदल्या दिवशी नळ येऊन गेला होता. पहाटे मी, दीर आणि माझा मुलगा यांनी मिळून दोन्ही ड्रम मागच्या बाकावर चढवले, दोरीनं बांधले. नांदेडहून आलेली जाऊ आणि तिची पोरगी मधल्या सीटवर जाऊन बसल्या. तेवढ्यात आत्याबाई बाहेर आल्या. आंघोळ, पूजा सगळं आटोपलेलं. कपाळावर विभूतीचे ओले पट्टे. नऊवारी नवी. हातात कापडी पिशवी.

जीपच्या मागं येऊन उभ्या राहिल्या. ड्रमकडं बघितलं. मग माझ्याकडं.

"हे कोण पाव्हणे बसलेत गं?"

"आत्याबाई, वाळवंट हाय. पाणी लागंल ना."

"हाव. पाणी तर लागंलच."

"अन् पुढच्या पाळीला नळ आला तर घरी कुणी…"

"हाव."

हे पुढच्या चाकाची हवा बघत होते. चाकात हवा भरपूर होती. दीर एकदम म्हणाले, "अव्वा, बस तू. एक ड्रम काढून टाकतो मी, काय होऊन राहिलंय!" आणि ते दोरी सोडायला लागलेसुद्धा. आत्याबाईंनी त्यांचा हात धरला. "नगं बाबा. पोरं हायत संगं. तहानली म्हंजी?" पिशवी घेऊन आत गेल्या. मला वाटलं रुसल्या. पण पाचच मिनिटांत बाहेर आल्या त्या दोन धुतलेली फडकी घेऊन. ड्रमच्या तोंडांवर त्यांनी ती स्वतः बांधली. "धूळ लई असती म्हणते शेठाणी," म्हणाल्या.

भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी तयारीत होते, माझी उत्तरं वहीत लिहिलेली होती.

प्रवासाचं काय सांगू? दुसऱ्या दिवशी खंडव्याच्या पुढं पाण्याला प्लास्टिकचा वास यायला लागला. पोरांनी तोंड वेडंवाकडं केलं. मी दटावलं, "लातूरचं पाणी हाय, नावं ठेवू नका." स्वतः एक पेला संपवून दाखवला आणि पुढचे दोन तास ढेकर देत बसले. वाटेत जिथं थांबलो तिथं हापसा होता, नळ होता, धर्मशाळेत तर हौद भरून होता. दिरांनी इंजिनात आमचं पाणी ओतलं तेव्हा म्हणाले, "वहिनी, गाडीनं तक्रार केली न्हाई बघा." चित्तोडच्या पुढं मी मोरपिशी ड्रेस घातला. नाडी इतकी घट्ट बांधली होती की शेवटी जावेनं ती कात्रीनं कापली, आणि तिथून पुढं जैसलमेरपर्यंत मी सलवार एका हातानं धरून हिंडले. उंटावर बसलेला माझा एक फोटो आहे. त्यात मी हसते आहे असं लोकांना वाटतं. मी एका हातानं उंट आणि एका हातानं सलवार धरली होती.

जैसलमेरच्या पुढं, वाळूचे डोंगर सुरू व्हायच्या अलीकडं, एका वस्तीपाशी आम्ही थांबलो. चार-पाच गोल झोपड्या, एक नळ, बाजूला सिमेंटचं टाकं. भिंतीच्या सावलीत माठ. एक म्हातारी उठली आणि विचारायच्या आधीच पोरांच्या ओंजळीत पाणी ओतू लागली. गोड, गार पाणी. पोरं दोन-दोनदा प्याली. त्या झोपडीपुढं तिची सून उकिडवी बसून पितळी ताटं घासत होती. वाळूनं. शेजारी नळ असून. मूठभर घ्यायची, तळव्यानं गरगर फिरवायची, झटकायची, फडकं मारायचं. ताट उन्हाला धरलं की डोळे दिपत होते.

माझ्या मुलीनं विचारलं, "आई, आजीला हेच बघायचं होतं ना?"

म्हातारीनं जीपमध्ये डोकावून ड्रम बघितले आणि हातवारे करत विचारलं, यात काय? दिरांनी सांगितलं, पाणी. घरून आणलंय. तिला आधी कळेना. कळल्यावर ती इतकी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं. सुनेला हाक मारून तिनं तेच पुन्हा सांगितलं आणि मग दोघी हसल्या. त्यांच्या हसण्यात वाईट काही नव्हतं. मीही हसले. हे हसले नाहीत. ते जीपच्या मागं गेले, फडकी सोडली, दोन्ही ड्रम एकामागून एक बाकावर आडवे केले आणि सगळं पाणी वाळूत ओतून दिलं. लातूरचा माणूस! तोंड धुतलेलं पाणी झाडाला घालणारा. पोरं ओरडली, "बाबा!" एवढं पाणी बघता बघता जिरून गेलं, ओल सुद्धा फार वेळ दिसली नाही. रिकामे ड्रम त्यांनी टपावर बांधले.

"जागा झाली," म्हणाले.

पूर्ण प्रवासात ह्याबाबतीत ते बोलले ते एवढंच. परतीच्या वाटेवर तो बाक मोकळा होता. पाय पसरायला इतकी चांगली जागा, पण पोरंसुद्धा तिथं बसली नाहीत.

घरी पोचलो तेव्हा आत्याबाई ओट्यावर होत्या. कॅन भरलेले, हंडे भरलेले. आधी पोरांच्या तोंडावरून हात फिरवला, मग सगळ्यांना चहा, आणि मग माझ्याजवळ येऊन बसल्या. आवाज अगदी हळू.

"घासतात का गं? वाळूनं?"

तिथं मी दुसरी चूक केली, आणि पहिलीपेक्षा ती मोठी होती. मला वाटलं, घासतात म्हटलं तर यांना किती लागेल. आपण काय चुकवलं ते कळेल. त्यापेक्षा तिथं काही नव्हतंच म्हणावं, म्हणजे त्यांचं अन् माझं, दोघींचंही मन हलकं. तेव्हा मला हे शहाणपण वाटलं, म्हणजे किती वेडी असेन बघा.

"न्हाई हो आत्याबाई. आता घरोघरी नळ आलेत. साबणानं घासतात आपल्यासारखी. काई बघण्यासारखं न्हाई तिथं."

हे दारातच उभे होते. मुलगी पिशवीतून कपडे काढत होती. दोघांनीही माझ्याकडं बघितलं.

"असं?" आत्याबाई म्हणाल्या. "साबणानं?"

तिसऱ्या दिवशी दोरीवर वाळत घातलेला मोरपिशी ड्रेस त्यांनी घडी करून माझ्या हातात दिला. घाईत मी तोही धुवायला टाकला होता. "रंग चांगला हाय," म्हणाल्या. "मी आले असते तर काय खाल्लं असतं का तुला?" मी घडी घेतली. तो ड्रेस मी पुन्हा अंगाला लावला नाही, पण ह्यात काय मोठं केलं? नाडी तशीही कापलेली होती.

त्या दुपारी आत्याबाई शेठाणीबाईकडं गेल्या. मी खिडकीतून बघत होते. ओट्यावरचं बोलणं ऐकू आलं नाही, पण शेठाणीबाई बराच वेळ स्वतःच्या तळहाताकडं बघत बसली होती आणि मग तिनं पदर डोळ्यांवर ओढून घेतला, ते दिसलं. त्यानंतरही दोघी रोज बसायच्या. गुडघ्यांचं बोलायच्या, टीव्हीवरच्या मालिकेचं बोलायच्या. उंटाचं, वाळूचं, थंडीचं पुन्हा कधी निघालं नाही. तीस वर्षं जो मुलूख त्या बाईनं लातुरातल्या एका ओट्यावर जिवंत ठेवला होता, तो मी चार वाक्यांत बुजवून आले.

सांगून टाकावं असं मला हजारदा वाटलं. आज सांगू, सणानंतर सांगू. हे एकदा म्हणालेही, "अव्वाला खरं सांग." मी म्हटलं, सांगते. ह्या घरात मी सांगते म्हटलेलं काय होतं, ते त्यांना आता पाठ झालं होतं. चार वर्षं गेली. शेठाणीबाई एका सकाळी झोपेतच गेली.

त्यानंतर सहा महिन्यांनी आत्याबाई अंथरुणाला खिळल्या. मी त्यांचे पाय चेपत होते. पलीकडं मोरीत कामवाली भांडी घासत होती, तिचा आवाज येत होता. आणि मी बोलून गेले. सगळं नाही, जेवढं तोंडातून निघालं तेवढं. "आत्याबाई, मी खोटं बोलले होते. घासतात तिथं. वाळूनंच घासतात. नळ हाय तरी घासतात. मी डोळ्यानं बघितलं."

त्यांनी अंगावरची चादर ओढून सारखी केली. मला वाटलं ऐकू गेलं नाही.

"आता सांगून राहिलीस?" म्हणाल्या. "आता ती कुठंय ऐकायला?"

मी पाय चेपत राहिले. काही वेळानं त्यांनी पाय हळूच आखडून घेतला आणि भिंतीकडं तोंड केलं.